चाल आणि ध्वनिखंड : एका श्रेयवादाचा इतिहास

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती चाळणाऱ्यास एक प्रघात सहज आढळतो. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून, ज्या गीतावरून ती घेतली त्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांत तो दिसतो. मूळ रचनाकाराचे नाव बहुधा नसे. परंतु उसनवारी उघड असे.

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उदयास आलेल्या हिप-हॉप संगीताने उसनवारीचे स्वरूपच पालटले. तेथे चाल नव्हे, तर मुद्रित ध्वनीचा तुकडाच उचलून नव्या गीतात बसविला जातो. यालाच ‘सॅम्पल’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर चाल ही भाषाव्यवस्थेतील शब्दासारखी आहे. ती कोणीही पुन्हा उच्चारावी. सॅम्पल म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीने, एका विशिष्ट क्षणी केलेला उच्चार होय.

या भेदाचे बोलके उदाहरण २००२ साली घडले. ट्रूथ हर्ट्‌स या अमेरिकन गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ हे गीत ‘बिलबोर्ड’च्या प्रमुख यादीत नवव्या स्थानापर्यंत पोहोचले. त्याचा निर्माता डीजे क्विक याने ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटातील ‘थोडा रेशम लगता है’ या गीताचे मुद्रण त्यात गुंफले होते. आवाज लता मंगेशकरांचा, संगीत बप्पी लाहिरींचे. श्रेय मात्र कोणालाच नव्हते. हिंदी न जाणणाऱ्या श्रोत्यास त्या शब्दांतून अर्थ नव्हे, केवळ नाद मिळाला.

लाहिरींनी दाद मागितल्यावर लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली त्यांच्या श्रेयोल्लेखाविना तबकडी विकण्यास मनाई केली. पुढे मात्र दावा उलटला. प्रमोद फिल्म्सशी झालेल्या करारान्वये संगीताचे स्वामित्व लाहिरींकडे नव्हतेच, असे ठरले. २०१० साली वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या वकिलावरील दंडही कायम केला.

गायिकेच्या बाजूने पाहू गेल्यास प्रश्न अधिकच बिकट होतो. १९५७ च्या भारतीय स्वामित्व कायद्यात गायकाच्या हक्काला स्थान नव्हते. कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. नामोल्लेखाचा नैतिक हक्क तर २०१२ साली, म्हणजे या गीतानंतर दहा वर्षांनी. मंगेशकर व लाहिरी हे दोघेही फेब्रुवारी २०२२ मध्ये निवर्तले.

यावरून असे दिसते की, ‘हे कोणाचे?’ आणि ‘हे कोठून आले?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर करारपत्रात सापडते. दुसऱ्याचे तेथे सापडेलच असे नाही. आज रहाटणीतील एखादा तरुणही भ्रमणध्वनीवर जुन्या लावणीचा तुकडा कापून त्यावर रॅप रचू शकतो. परवानगीचा प्रश्न कायदा सोडवील. परंतु गीताच्या माथ्यावर एक ओळ लिहिण्याचा जुना प्रघात त्याने पाळावयास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.