तळणीचं ग्रहण आणि आमची जुनी दुर्बीण



मागच्या पौषात आमच्या बचत गटातल्या दहाजणींनी दोनदोनशे रुपये काढून एक जुनी दुर्बीण घेतली. बदली होऊन चामोर्शी सोडणाऱ्या एका मास्तरांची होती. "दोन हजारांत कोंबडीची पिल्लं आली असती," असं बैठकीत एकीनं बोलून दाखवलं. तिचं खोटं नव्हतं.

पहिल्या रात्री आम्हाला काहीच दिसलं नाही. दुर्बिणीच्या पाठीवर नेम धरायची एक छोटी नळी असते, ती सरकलेली होती. दुसऱ्या दिवशी उजेडात मोबाईल टॉवरच्या टोकावर नेम धरून ती जुळवली. रात्री स्लॅबवर अर्धा चंद्र सापडला. "अवं बाई, हा तर उलटा हाय!" पहिलीच ओरडली. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटंच दिसतं. चंद्रावरचे खड्डे, त्यांच्या काठांच्या सावल्या स्पष्ट होत्या. पण एक मिनिट होत नाही तोच चंद्र कडेला सरके. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलं होतं, ते त्या रात्री डोळ्यांनी कळलं. मग गुरू पाहिला, शेजारी चार ठिपके. 1610 साली गॅलिलिओनं पाहिलेले गुरूचे चंद्र ते हेच.

एकीची सून भांडी आवरून वर आली, तोवर चंद्र झाडांमागे गेला होता. ते मनाला लागलं. त्याच आठवड्यात आम्ही तळणीची गोष्ट वाचली.

तळणी आपल्याच विदर्भात, पुलगाव आणि धामणगावच्या मधे, रेल्वेलाइनवर. 22 जानेवारी 1898 रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. ते पाहायला इंग्लंडहून हौशी आकाशनिरीक्षकांची तुकडी आली. तिच्यात ॲनी माँडर होत्या, वय तिशीच्या आत. गणितात हुशार. 1891 पासून ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड आणि सूर्याचे फोटो काढायचं काम करत. 1895 मध्ये तिथल्याच माँडरसाहेबांशी लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली. लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही, असा तिथला नियम. नवऱ्याची नोकरी मात्र चालू राहिली.

ॲनीबाईंनी काम सोडलं नाही. आपल्या जुन्या कॉलेजकडून मिळालेल्या पैशातून त्यांनी छोटा कॅमेरा करवून घेतला. भिंग फक्त दीड इंचाचं. तळणीला जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात त्यांनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा एक झोत टिपला. लाखो मैल लांब. इतका लांब झोत तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता. पुढे 1908 मध्ये नवराबायकोच्या नावानं आकाशावर पुस्तक निघालं, तेव्हा माँडरसाहेबांनी प्रस्तावनेत लिहून टाकलं की हे जवळपास सगळं पत्नीचंच काम आहे. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना सभासद करून घेतलं ते थेट 1916 साली.

त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. त्यांच्या पुण्याच्या वेधशाळेत वीस इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी भारतातली सगळ्यांत मोठी. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती पुन्हा कामाला लागली. म्हणजे जुनी दुर्बीण दुसऱ्या हाती जाणं काही नवं नाही.

आणि दुर्बीण नसतानाही आपल्याकडे आभाळ वाचलं जायचंच. आमच्या गटातल्या आजींनी सप्तर्षी दाखवून म्हटलं, "ते म्हातारीचं खाटलं, अन् मागं तीन चोर." मृगात गोंड लोक नांगर पाहतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांमध्ये जाऊन हे ज्ञान लिहून घेतलं. ते 2013 मध्ये छापलं गेलं.

ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडू नये, सुरी धरू नये, असं आपण ऐकत आलो. त्याच ग्रहणाच्या फोटोसाठी एक बाई समुद्र ओलांडून तळणीला आली होती. भीती धरायची ती एकाच गोष्टीची: सूर्याकडे साध्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नका. डोळा कायमचा जातो. आरसाही पदरानं पुसू नका, त्यावर चरे पडतात.

आता आमची दुर्बीण पाळीनं एकेका घरी जाते. वहीत सही करून न्यायची, आठ दिवसांनी परत आणायची. एक नियम मात्र ठरावात लिहून घेतला आहे: ज्या घरी दुर्बीण जाईल तिथे पहिल्यांदा सून पाहील. भांडी नंतर.