चंपारण्यातील मराठी स्वयंसेवक

चंपारण्याचे नाव निघाले की नीळ, तीनकठियाची, म्हणजे रयतेकडून सक्तीने नीळ पिकवून घेण्याची, जुलमी पद्धत आणि जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम आपण जाणूनबुजून मोडला अशी मोतीहारीच्या न्यायालयात १८ एप्रिल १९१७ रोजी शांतपणे कबुली देणारे गांधीजी, एवढे चित्र शाळेतील इतिहासाने आपल्या मनावर ठसविलेले असते; पण त्याच जिल्ह्यात, रयतेच्या जबान्यांची दप्तरे पुरी झाल्यावर आणि चौकशीची धामधूम ओसरू लागल्यावर, पुणे, मुंबई व बेळगाव येथून गेलेल्या काही मराठी स्त्रीपुरुषांनी बांबू आणि गवताच्या झोपड्यांत राहून जे काम केले, त्याची स्मृती महाराष्ट्रानेही फारशी जपलेली नाही. सत्याग्रहाच्या मोठ्या कथेत हे प्रकरण एखाद्या तळटीपेसारखे पडून राहिले. मला मात्र ते स्वतंत्र अध्ययनाच्या योग्यतेचे वाटते, कारण तरुण माणसाला लोकसेवेत ओढावे कसे, त्याच्यावर भार किती टाकावा आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरावे, हे तिन्ही प्रश्न तेथे एकाच वेळी कसोटीला लागले.

या मंडळींना तेथवर नेणारी वाट बऱ्याच आधी पुण्यातून निघालेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपले तरुण कार्यकर्ते गावोगाव धाडले, तेव्हा त्यांच्या हाती धान्याची पोती नव्हती. सरकारनेच छापलेला ‘फेमिन कोड’ होता. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब होऊ शकतो, त्यात सूटही मिळू शकते, दुष्काळी कामावर मजुरी मागण्याचा आणि अपंग-वृद्धांसाठी फुकट शिधा मागण्याचा रयतेला अधिकार आहे, तेव्हा गुरे व भांडीकुंडी विकून सारा भरण्याऐवजी मामलेदाराकडे दरखास्त करा, हे शेतकऱ्याला त्याच्या बोलीत समजावून देणे एवढेच त्यांचे काम होते. अंमलदारांना तेही सहन झाले नाही. काही कार्यकर्त्यांवर खटले भरण्यात आले आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले; हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात यशवंत फुले या तरुण डॉक्टरने रुग्णालय उघडले आणि तेथे रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याची आई सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाला बळी पडली. साठी ओलांडलेल्या त्या माउलीने तरुणांपुढे जो कित्ता घालून दिला, त्याला तोड नाही.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वर्षी इंग्लंडात होते. परतल्यावर त्यांनी प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून अंग मोडून मेहनत केली, आणि उत्साही माणसे आपत्तीच्या वेळी जमतात व आपत्ती सरली की पांगतात हा अनुभव त्यांच्या मनात खोल रुतला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा नटेश आप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिलेली सात व्रतांची शपथ आणि पुढे प्रत्येक नव्या सभासदासाठी ठरविलेली पाच वर्षांची उमेदवारी पाहिली, की गोखल्यांना तरुणाच्या क्षणिक भावनेपेक्षा त्याच्या तयारीची किंमत अधिक वाटत होती हे उघड दिसते. स्वतःसाठी द्रव्यार्जन करू नये, समाज जे देईल त्यात निर्वाह करावा, जातिधर्माचा भेद न पाहता सर्व देशबांधवांच्या हितासाठी झटावे, ही व्रते घेऊन जो तरुण येई त्याला आधी अभ्यास आणि मग देशाटन करावे लागे. या कडक शिस्तीमुळे समाजाची संख्या कधीच फुगली नाही. परंतु मुंबईच्या गिरणगावात १९११ साली सोशल सर्व्हिस लीग उभी करून रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालविणारे नारायण मल्हार जोशी, पुढे आदिवासींचे होऊन गेलेले ठक्कर बाप्पा आणि उत्तरेत सेवा समितीचे काम वाढविणारे हृदयनाथ कुंझरू अशी माणसे त्याच मांडवाखालून बाहेर पडली.

या समाजाचेच एक सभासद डॉ. हरि श्रीकृष्ण देव. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात समाजाने स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठविले, कुंझरू त्याचे प्रमुख होते आणि वैद्यकीय व्यवस्था डॉ. देवांकडे होती. शौचकूपांसाठी खड्डे खणून झाले, पण ते मातीने बुजविण्याचे काम मजुरी घेणाऱ्या भंग्यांशिवाय कोण करणार हा प्रश्न पडला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातून आलेल्या मुलांसाठी गांधीजींनी ते काम मागून घेतले आणि मुलांनी ते मगनलाल गांधींच्या देखरेखीखाली पार पाडले. व्रतस्थ सुशिक्षितांच्या पथकालाही जी गोष्ट स्वतःच्या हाताने करण्याची अजून सवय नव्हती ती या पोरांनी सहज केली. डॉ. देवांनी ती जवळून पाहिली आणि दोन वर्षांनी चंपारण्यातून बोलावणे आले तेव्हा समाजाने त्यांना सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊ दिले.

चंपारण्यात गांधीजींना जे दारिद्र्य दिसले त्याचे मोजमाप त्यांनी मजुरीत केले आहे. पुरुष मजुराला दिवसाला अडीच आण्यांच्या वर मिळत नव्हते, बाईला दीड आणा आणि मुलाला पाऊण आणा. ज्याच्या पदरात चार आणे पडत तो भाग्यवान. विहिरींभोवती चिखल, अंगणात उकिरडा, अंगावर खरूज. निळीच्या मळेवाल्यांविरुद्धची फिर्याद कायद्याने तडीस गेली तरी या लोकांचे पाऊल त्यामुळे पुढे पडणार नाही, हे ओळखून त्यांनी सहा खेड्यांत शाळा काढण्याचे ठरविले आणि गावकऱ्यांपुढे एकच अट ठेवली: शिक्षकाला राहायला जागा आणि शिधा गावाने द्यावा, उरलेला खर्च आम्ही पाहू. रोकड कोणाकडेच नव्हती, धान्य होते. लोकांनी धान्य दिले. आज आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो तो इतक्या दरिद्री गावातही अटीच्या रूपाने घातला गेला होता, याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो.

शिक्षक आणावयाचे कोठून? बेळगावहून गंगाधरराव देशपांडे यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक कातगडे यांना पाठविले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि त्यांचे पती बबनराव आले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. गुजरातेतून महादेव देसाई पत्नी दुर्गाबेन यांच्यासह आणि नरहरी परीख पत्नी मणिबेन यांच्यासह आले, गांधीजींच्या आश्रमातून त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा देवदास आला आणि कस्तुरबा तर होत्याच. यांपैकी अवंतिकाबाई आणि आनंदीबाई या शिकलेल्या होत्या, दुर्गाबेन व मणिबेन यांना गुजराती जेमतेम वाचता येई आणि कस्तुरबांना तेवढेही नाही. हिंदी बोलणाऱ्या मुलांना या स्त्रिया काय शिकविणार, अशी शंका त्यांची त्यांनाच आली. गांधीजींचे उत्तर असे की व्याकरण आणि अंकगणित मागाहून, आधी स्वच्छता आणि चालचलणूक. अक्षरे म्हणाल तर गुजराती, हिंदी आणि मराठीत म्हणण्यासारखे अंतर नाही. पुढे अनुभव असा आला की स्त्रियांनी चालविलेले वर्गच सर्वांत सरस ठरले आणि बडहरवा लखनसेन येथील अवंतिकाबाईंची शाळा तर आदर्श म्हणून दाखविली जाऊ लागली. शुश्रूषेचे आणि सुइणीचे शिक्षण घेतलेल्या त्या बाईंनी तेथील बायकांच्या घरात ज्या सहजतेने प्रवेश मिळविला, तो एखाद्या पंडित शिक्षकाला जन्मभरात मिळाला नसता.

औषधांचा संच तीन जिनसांचा होता: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जिभेवर थर असेल वा कोठा साफ नसेल तर एरंडेल, ताप असेल तर एरंडेलाच्या मात्रेनंतर क्विनीन, खरूज वा गळवे असतील तर ती जागा स्वच्छ धुऊन मलम, आणि औषध घरी न्यायचे नाही, शिक्षकासमोरच घ्यायचे. याहून गुंतागुंतीचा रोगी असला तर तो ठरलेल्या वारी येणाऱ्या डॉ. देवांसाठी राखून ठेवायचा. हा बेत एखाद्या आधुनिक वैद्याला बाळबोध वाटेल. पण ज्या तरुणाने आयुष्यात कधी नाडी पाहिलेली नाही त्याच्या हातून अपाय न होता उपकार कसा व्हावा, याचा इतका नेटका विचार पुढे अनेक वर्षांनी खेड्यातील आरोग्यसेवकांच्या योजनांतच पुन्हा दिसतो. डॉ. देवांनी आणखी एक उद्योग आरंभिला. एक एक गाव हाती घेऊन स्वयंसेवकांसह ते रस्ते झाडीत, विहिरी उपशीत, डबकी बुजवीत, आणि गावातील तरुणांनी आपल्यातूनच स्वयंसेवक उभे करावेत असा आग्रह धरीत. काही गावांनी लाजेने हातात झाडू घेतला, काहींनी उत्साहाने रस्तेच बांधून काढले, आणि काहींनी हे काम आम्हाला आवडत नाही असे तोंडावर सांगितले.

२० नोव्हेंबर १९१७ रोजी भितिहरवा येथे दुसरी शाळा उघडली, तेथील हकीकत सर्वांत बोलकी आहे. सोमण आणि कस्तुरबा यांच्याकडे तिचा कारभार होता. जवळच्या एका वस्तीतील बायका मळक्या वस्त्रात वावरतात, त्यांना धुण्यास का सांगत नाही, असे गांधीजींनी कस्तुरबांना सुचविले. त्या विचारावयास गेल्या तेव्हा एका बाईने त्यांना झोपडीत नेऊन रिकामे घर दाखविले आणि अंगावरच्या एकाच लुगड्याकडे बोट केले. ते लुगडे धुवायचे तर ते सुकेपर्यंत तिने काय नेसावे? सेवेला गेलेल्या शहरी माणसाच्या मनातील उपदेशाची खुमखुमी अशा एका प्रश्नाने जितकी उतरते तितकी शंभर व्याख्यानांनी उतरत नाही. पुढे एका रात्री ती बांबू-गवताची शाळा जळून खाक झाली. मळेवाल्यांच्या माणसांवर संशय होता, पुरावा नव्हता. सोमणांनी फिर्यादीच्या नादी न लागता आता विटांचीच इमारत बांधायची असे ठरविले आणि स्वतः कष्टाला लागले. त्यांचे पाहून गावकरीही लागले आणि पक्की शाळा थोड्याच दिवसांत उभी राहिली. बेळगावच्या एका माणसाने बिहारमधील खेड्यात हा निर्णय मोतीहारी किंवा बेतियाहून हुकूम येण्याची वाट न पाहता घेतला. स्वयंसेवक जेव्हा असा निर्णय घेऊ शकतो तेव्हाच तो नेता होऊ लागतो, आणि गांधीजींनी तो घेऊ दिला यात त्यांची खरी थोरवी आहे.

आणि तरीही हे काम टिकले नाही. १९१८ च्या मार्चमध्ये चंपारण्याचा शेतजमीनविषयक कायदा संमत होऊन तीनकठिया गेली, गांधीजी अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या आणि खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या लढ्यात गुंतले, मुदतीवर आलेले स्वयंसेवक आपापल्या मुलुखी परतले, बाहेरून नवे मिळेनात आणि खुद्द बिहारमधून कायमचे, विनावेतन काम करणारे कोणी पुढे आले नाहीत. ग्रामसेवेचे हे काम स्थिर पायावर ठेवण्याची आपली इच्छा अपुरी राहिली, हे गांधीजींनी स्वतःच निःसंकोच नमूद केले आहे. चंपारण्याचा प्रयोग ज्यांनी चालविला त्यांना त्याने घडविले: अवंतिकाबाईंनी मुंबईस परतल्यावर १९१८ मध्येच हिंद महिला समाज काढला आणि गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, देवदास पुढे नामवंत संपादक झाला. परंतु ज्या गावांसाठी हा प्रयोग होता त्या गावांतील पोरांच्या हाती सूत्रे देण्याइतका वेळ त्याला मिळाला नाही. डॉ. देवांचा गावातून स्वयंसेवक उभे करण्याचा आग्रह हाच त्यातला मर्माचा भाग होता आणि नेमका तोच अर्धवट राहिला.

महाराष्ट्राने हा धडा पुढे दुसऱ्या वाटेने गिरविला. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, आणि शाखा चालवायची ती त्याच गल्लीतील, त्याच गावातील मुलामुलींनी, हे तत्त्व पहिल्यापासून पाळले गेले. शाखानायक हा बाहेरून नेमून पाठविलेला कोणी पाहुणा नसे. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याआधी त्यांच्या महाराष्ट्रभरच्या दौऱ्यात सोबत फिरलेले कलापथक याच मुशीतील तरुणांचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा मदतीचे ट्रक राज्याच्या कानाकोपऱ्यातून आले आणि काही आठवड्यांत परतले. पण सेवा दलाशी जन्मभर निगडित असलेल्या पन्नालाल सुराणा यांनी अनाथ मुलांसाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारले, ते त्याच मुलुखाच्या माणसाने त्याच मुलुखात उभारलेले असल्यामुळे गर्दी ओसरल्यावरही चालत राहिले.

आज महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेड्यांत जातात, सात दिवस श्रमदान होते, समारोपाला सरपंचांचे भाषण होते आणि मुले परत येतात. त्या मुलांच्या तळमळीबद्दल मला यत्किंचित शंका नाही. परंतु शिबिराच्या प्रमुखांना माझी एक विनंती आहे: निघण्यापूर्वी त्या गावातील दोन-चार मुलामुलींना पुढे बोलवा, जमाखर्चाची वही आणि औषधांच्या पेटीची किल्ली त्यांच्या स्वाधीन करा, पुढच्या वर्षी काय करायचे हे त्यांना ठरवू द्या, आणि त्यांनी ठरविलेले तुमच्या मनासारखे नसले तरी ते मान्य करा.