फिनाइलकिटोन्युरिया : बालपण सरल्यानंतरची जोखीम

फिनाइलकिटोन्युरिया अर्थात पीकेयू हा जन्मजात चयापचयदोष बहुधा बालमेंदूचा विकार म्हणूनच ओळखला जातो. नॉर्वेचे डॉ. अस्ब्योर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये तो प्रथम ओळखला. प्रथिनांतील फिनाइलअॅलानिन या अमिनो आम्लाचे टायरोसिनमध्ये रूपांतर करणारे यकृतातील विकर निकामी असल्याने ते रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा पोहोचवते. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांची रक्तचाचणी आली, नवजात अर्भकांचे निदान होऊ लागले आणि पथ्यामुळे बौद्धिक अपंगत्व टळू लागले. त्या पहिल्या पिढीतील मुले आता साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या हृदयाचे काय, हा प्रश्न वैद्यकापुढे उशिरानेच आला.

अमेरिका व जर्मनीतील विमा-नोंदींच्या अभ्यासांत अशा प्रौढांमध्ये लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारख्या तक्रारी इतरांहून अधिक आढळल्या. सर्व अभ्यासांचा सूर एकच नाही. तरी काही पाहण्यांत रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही दिसला आहे. कारणाचा एक धागा पथ्यातच आहे. प्रथिने तोडली की पोट भरायला पिष्ट आणि साखर उरते. गंमत अशी, की या रुग्णांचे कोलेस्टेरॉल पुष्कळदा कमी भरते; म्हणून तेवढ्या एका अहवालावर निश्चिंत राहणे चुकीचे. तारुण्यात अनेक जण विशेष प्रथिन-पावडर सोडतात, पण दूध, अंडी, मांस टाळत राहतात. मग ब-१२ जीवनसत्त्व घटते व होमोसिस्टीन वाढते. शाकाहारी महाराष्ट्रीयांत ब-१२ ची उणीव मुळातच व्यापक आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे.

बीड जिल्ह्याच्या ताटाकडे पाहिले की अडचण उमगते. ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने. तीव्र विकार असलेल्या प्रौढाची फिनाइलअॅलानिनची दिवसाची मर्यादा साधारण ५०० मिलिग्रॅमच्या आत असते. ती दोन भाकरींतच संपत येते. तूरडाळ, शेंगदाणे तर दूरच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने चालतो, मात्र खिचडीतला दाण्याचा कूट वगळून. आणि रोज साबुदाणा म्हणजे वजनाला व रक्तशर्करेला निमंत्रण.

हा दोष अप्रभावी जनुकाचा. माता-पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत अद्याप अनोळखी नाही, आणि नात्यातील लग्नात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. भारतात सर्व नवजातांची सक्तीची तपासणी नसल्याने निदानाविना प्रौढ झालेले रुग्ण असणारच.

स्त्रियांच्या बाबतीत धोका पुढच्या पिढीकडे जातो. गर्भारपणी मातेच्या रक्तात हे आम्ल वाढलेले राहिले, तर बाळाला हा विकार नसतानाही त्याच्या हृदयात जन्मजात दोष उद्भवू शकतो. म्हणून पथ्य गर्भधारणेपूर्वीच काटेकोर हवे.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश असून मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ पासून झाली. प्रौढ रुग्णाने फिनाइलअॅलानिनच्या चाचणीसोबतच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तशर्करा व ब-१२ यांची नियमित तपासणी करावी. मधुमेह जडलाच तर साखरेऐवजी अॅस्पार्टेमच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. त्यात फिनाइलअॅलानिनच असते. वेष्टनावर बारीक अक्षरांत तशी सूचना छापलेली असते.