गांडुळाला चमचाभर साय

आमिष हल्ली आपण फक्त 'दाखवतो'. पैशाचं, बढतीचं, फुकट मोबाइलचं. संस्कृतात मात्र या शब्दाचा साधा अर्थ मांस. आणि मांस म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो नासण्याचा. गळाला लावायची वस्तू सकाळी ताजी मिळाली, पण नदीवर जायचं रविवारी, तर तोवर तिचं करायचं काय? मासेमारीवर लिहिणारे लोक काठी, दोरा, गळ, पाण्याचा रंग यांवर पानंच्या पानं लिहितात. मला मात्र गेले काही महिने या साठवणीच्या भागाचंच वेड लागलंय. (नातेवाईक मंडळींनी कृपया फोन करू नये. घरात गांडुळं आणलेली नाहीत.)

आपल्याकडे गळाच्या मासेमारीचं जुनं लिखाण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', साधारण इ.स. ११२९ चा. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो भेटतो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. पण त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरणही आहे. मासे कोणते, त्यांना चारा कसला घालावा, गळ कसा टाकावा, सगळं राजाच्या करमणुकीसाठी. साठवणीची काळजी राजाला कशाला असेल म्हणा! ताजे गोळे वळून द्यायला माणसं असणार. ती काळजी एकट्याने नदीवर जाणाऱ्याला.

आणि अशा एकट्या माणसांची सविस्तर लिखापढी इंग्रजांनी करून ठेवली आहे. १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत (लेखिका म्हणून ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीचं नाव घेतात, पुरावा काही नाही) माशीच्या अळ्यांना मेंढीची चरबी आणि पीठ-मधाची पोळी खाऊ घालायला सांगितलं आहे. मग त्या वाळूबरोबर घोंगडीच्या पिशवीत भरायच्या आणि दोन-तीन तास अंगातल्या झग्याखाली उबेला ठेवायच्या. म्हणजे त्या स्वच्छ होतात. त्या झग्याला घरी कोण धूत असेल, हा प्रश्न पुस्तिकेत नाही.

पण या विषयातला खरा गृहस्थ म्हणजे आयझॅक वॉल्टन. लंडनचा कापडवाला. त्याचं 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली आलं. त्यात गांडुळं ठेवायची रीत अशी: शेवाळ घ्यायचं, स्वच्छ धुवायचं, घट्ट पिळून मातीच्या भांड्यात भरायचं आणि त्यात गांडुळं सोडायची. उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी शेवाळ बदलायचं, थंडीत त्याच्या दुप्पट दिवसांनी. गांडुळं आजारी दिसू लागली, म्हणजे अंगावरचा तो जाड पट्टा सुजायला लागला, तर शेवाळावर रोज थेंब थेंब करून चमचाभर दूध किंवा साय घालायची. सायीत फेटलेलं अंडं शिजवून घातलं तर उत्तम, गांडुळं धष्टपुष्ट होतात आणि खूप दिवस टिकतात.

ही बाळंतिणीची देखभाल कोणाची, तर ज्याला रविवारी गळाला टोचायचं आहे त्याची.

गंमत बाजूला ठेवली तर यातलं बरंचसं शास्त्राला धरून आहे. गांडूळ कातडीनेच श्वास घेतं, म्हणून कातडी ओली हवी. पण डबक्यात ठेवलं तर गुदमरतं, म्हणून पिळलेलं शेवाळ. शेवाळात माती नसते, त्यामुळे पोटातली घाण निघून जाते आणि कातडी चिवट होते, गळावर नीट बसते. सायीच्या बाबतीत मला शंका आहे. भांड्याला दुसऱ्या दिवशी वास सुटत असणार.

अळ्यांची कृती मात्र जरा पोट घट्ट करून वाचा. मेलेली घार किंवा मांजर घ्यायचं, त्यावर माश्यांना अंडी घालू द्यायची, आणि अळ्या हलायला लागल्या की सगळंच्या सगळं मऊ ओलसर जमिनीत पुरायचं, जिथे दहिवर गोठणार नाही अशा जागी. मग हिवाळाभर लागेल तेव्हा उकरायचं. मार्चपर्यंत टिकतात, पुढे माश्या होतात. आजच्या भाषेत हा फ्रीजच. थंडीत अळीची वाढ मंदावते, एवढं त्या माणसाला नुसत्या बघण्यातून कळलं होतं. आज इंग्लंडात दुकानातून आणलेल्या अळ्यांचा डबा खऱ्या फ्रीजमध्ये ठेवतात, आणि त्यावरून घरोघरी जे होतं ते होतं.

जिवंत ठेवायचं नसेल तर दुसरा मार्ग, आपल्या लोणच्याचा. वॉल्टनच्या एका कृतीत सशाचं किंवा मांजराचं मांस आणि शेंगांचं पीठ खलात कुटतात. वर्षभर टिकवायचं असेल तर त्यात मेण आणि शुद्ध केलेला मध घालून विस्तवापुढे मळून गोळ्या वळायच्या. हे मांजराचे डिंकाचे लाडू.

आणि मीठ. वॉल्टनचाच समकालीन थॉमस बार्कर हा पेशाने आचारी. सालमनची गाभोळी ट्राउटला किती आवडते हे त्याने १६५० च्या दशकात छापून टाकलं. आचाऱ्याने गाभोळी टाकून न देता गळाला लावून बघावी, हे मला फार पटतं. इथवर गोष्ट स्वयंपाकघरातली. पण खारवलेली गाभोळी टिकते, आणि टिकणारी वस्तू विकता येते. एकोणिसाव्या शतकात ती बरण्यांत भरून विकली जाऊ लागली. मग अंडी घालायला नदीत वर आलेल्या माद्या केवळ गाभोळीसाठी मारल्या जाऊ लागल्या, तेही ज्या दिवसांत त्यांचं मांस खायच्या लायकीचं नसतं. एका बरणीसाठी पुढची अख्खी पिढी. शेवटी १८६१ च्या सालमन कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये माशाची गाभोळी गळाला लावायला बंदी आली, आणि सालमनची गाभोळी विकायला किंवा जवळ बाळगायलाही. आमिष टिकवता आलं नसतं तर हा कायदा लागलाच नसता असं माझं मत.

याच शतकात चार्ल्स डार्विन नावाचा मुलगा तासन् तास गळ टाकून बसायचा. मिठाच्या पाण्यात गांडूळ आधी मारता येतं असं त्याला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्याने जिवंत गांडूळ कधी टोचलं नाही. मासे थोडे कमी मिळाले असतील, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे १८८१ मध्ये त्याचं शेवटचं पुस्तक आलं ते गांडुळांवर. हे जीव इवलेइवले, पण जमिनीचा अख्खा थर उलथून टाकतात, हे त्याने मोजून दाखवलं.

त्याचा पुरावा उत्तर अमेरिकेत मिळाला, पण भलत्याच रीतीने. मिनेसोटासारख्या भागांवर हिमयुगात बर्फ होतं आणि तिथे मूळची गांडुळं उरलीच नव्हती. तिथली जंगलं हजारो वर्षं गांडुळांशिवाय वाढली, पानांच्या जाड कुजक्या गादीवर. युरोपातून आलेली गांडुळं ती गादी खाऊन टाकतात. खाली उरते उघडी माती. रानफुलं, नेचे, मेपलची रोपं यांना मग जागा राहत नाही. ही गांडुळं स्वतःहून वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतात. पण ती तळ्यांच्या काठाशी, बोटी उतरवायच्या जागांपाशी जास्त सापडतात. कारण उघड आहे. दिवस संपला, डब्यात पाच-सहा उरली, बिचारी जिवंत आहेत म्हणून सोडली झाडाखाली.

डब्यात ती जिवंत राहतात कारण साठवण आता फार सुधारली आहे. कॅनडात ऑन्टारियोच्या शेतांत रात्री माणसं कपाळाला दिवा आणि पायांना डबे बांधून वाकून वाकून गांडुळं वेचतात. ती थंड गोदामात जातात आणि तिथून डझनाच्या कपांत सीमेपलीकडे. त्यांना 'कॅनेडियन नाइटक्रॉलर' म्हणतात, जात मूळची युरोपातलीच. आणि भरायला पुष्कळदा काय वापरतात माहितेय? ओलसर शेवाळ, वाळवलेलं आणि कुजकं, पीट मॉस नावाचं. साय तेवढी बंद झाली. हल्ली तिकडे सांगतात की उरलेली गांडुळं काठावर सोडू नका, घरी न्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाका.