गाणे फिल्मवर कसे उतरले?

मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेवरून सकाळी जाताना परिपाठाची प्रार्थना कानावर येते. ती हिंदी असेल, तर पुष्कळदा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) किंवा ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटातली असते. या दोन्ही प्रार्थनांच्या चाली एकाच माणसाच्या आहेत आणि तो माणूस याच जिल्ह्यातला आहे, हे गाणाऱ्या मुलांना सहसा ठाऊक नसते. संगीतकार वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळ तालुक्यातील सोनवडे येथे झाला. ‘श्यामची आई’ (१९५३) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या मराठी चित्रपटांचे संगीतही त्यांचेच.

वसंतराव कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले तेव्हा चित्रपट मुका होता. प्रभातच्या ‘खुनी खंजीर’ (१९३०) या मूकपटात त्यांनी काम केले आणि दोनच वर्षांनी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या प्रभातच्या पहिल्या बोलपटात ते गायलेही. मधल्या दोन वर्षांत नेमके काय घडले? मुक्या फितीला गळा कोठून आला? चित्रपटसंगीताच्या इतिहासात गायकांची व संगीतकारांची नावे येतात. परंतु त्यांचा आवाज फितीवर उतरवणारी माणसे आणि त्यामागचे विज्ञान बहुधा वगळले जाते. तो वगळलेला भाग येथे पाहू या.

यंत्राआधीचा आवाज

बोलपटाआधी आपल्याकडे नाट्यगायन होतेच. कोकणात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार रंगे. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर पात्राने मोकळ्या आवारात पहाटेपर्यंत गायचे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. म्हणून शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे तर आवाज खडा आणि शब्द सुटे लागत. घाटावर १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटकाचे युग सुरू झाले होते. तेथेही पद किती वेळ चालायचे हे प्रेक्षकांचा ‘वन्स मोअर’ ठरवी.

पहिल्या बोलपटांत गाणारी मंडळी आली ती या परंपरांतून. इतर देशांतही तसेच झाले. इंग्लंडमध्ये ग्रेसी फील्ड्स ही गिरणगावातली मुलगी म्युझिक हॉलच्या रंगमंचावर गाजली आणि ‘सॅली इन अवर अॅली’ (१९३१) या चित्रपटाने पडद्यावर आली. आपल्याकडे ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. गळे तयार होते. यंत्र तयार व्हायचे होते.

डोळा क्षमा करतो, कान करत नाही

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांपैकी दामले मूळचे पेणचे (जन्म १८९२). त्यांचे शिक्षण झाले ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, लोखंड, लाकूड, रंग आणि भिंगे यांच्या संगतीत. तेथे कॅमेरासुद्धा स्वतः जुळवून तयार केला गेला होता. बोलपट आला तेव्हा प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी घेतली.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. दांड्याच्या एका फेरीला ८ चौकटी सरकत. सेकंदाला दोन फेऱ्या घातल्या की १६ चौकटी. हात थोडा जलद-मंद झाला तर पडद्यावरची माणसे जरा लगबगीने चालत, एवढेच. प्रेक्षकांची तक्रार नसे.

आवाजाचे तसे नाही. फितीचा वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला, तर पांढरी एकवर लावलेला षड्ज काळी एकवर जाऊन बसतो. संथ लांबवलेल्या स्वरात तर एका टक्क्याहून कमी थरथरही कानाला खुपते. म्हणजे चित्रासाठी चालणारा हात गाण्यासाठी निरुपयोगी ठरला. दांड्याच्या जागी एकसारख्या वेगाची विजेची मोटर आली आणि वेग सेकंदाला २४ चौकटी असा ठरून गेला. आजही चित्रपटाचा वेग २४ चौकटीच आहे. तो ठरला बोलपटाच्या आगमनाच्या वेळी, आवाजाच्या सोयीसाठी.

प्रकाशाने लिहिलेला स्वर

‘द जाझ सिंगर’ (१९२७) या अमेरिकी चित्रपटात आवाज वेगळ्या तबकडीवर होता. तबकडीची सुई घसरली किंवा फीत तुटली की ओठ आणि शब्द यांची फारकत होई. यावर टिकाऊ उपाय निघाला तो आवाजही फितीवरच, चित्राच्या कडेला, छायाचित्ररूपात उमटवण्याचा.

याची कृती क्रमाने पाहू. आवाजाने मायक्रोफोनचा पडदा थरथरतो व विजेचा क्षीण प्रवाह तसाच कमीजास्त होतो. तो प्रवाह वर्धकाने मोठा केला जातो आणि त्याच्या जोरावर एका बारीक फटीतून येणारा प्रकाश कमीजास्त केला जातो. फटीसमोरून फीत सरकत असते. फीत धुतली की तिच्या कडेला एक अरुंद पट्टी दिसते. काही पद्धतींत ती आडव्या फिक्या-गडद रेघांची असते, तर काहींत करवतीच्या दात्यांसारखी. चित्रपटगृहात याच्या उलट घडते. दिव्याचा झोत त्या पट्टीतून प्रकाशविद्युत घटावर पडतो, प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर होते आणि ध्वनिक्षेपक बोलू लागतो.

थोडे गणित करू. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे दीड फूट, सुमारे ४५७ मिलिमीटर. एक हजार कंपनांचा स्वर मुद्रित केला तर एका कंपनाच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागा येते. पाच हजार कंपनांना ०.०९ मिलिमीटर! फट याहून बारीक नसेल किंवा फितीवरील चांदीचे कण जाड असतील, तर उंच स्वर पुसट होतात. जुन्या बोलपटांतले आवाज दबलेले, नाकातून आल्यासारखे वाटतात ते बरेचसे यामुळे. त्यासाठी गायकांना दोष देण्याचे कारण नाही.

आणखी एक गंमत. चित्रासाठी फीत सेकंदाला २४ वेळा थांबत थांबत सरकावी लागते, तर आवाजासाठी ती न थांबता वाहावी लागते. एकाच ठिकाणी दोन्ही शक्य नाही. म्हणून प्रदर्शनाच्या प्रतीवर आवाज त्याच्या चित्राच्या २० चौकटी पुढे छापतात. ओठ हलताना दिसतात तेव्हा त्यांचा शब्द फितीवर सुमारे ३८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

झाडाआडचे वाजंत्री

अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्यात चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी टिपले होते. जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या आवाजामुळे बरेचसे चित्रण रात्री उशिरा करावे लागले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच, आणि तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. आपली गाणी त्या स्वतःच गायल्या.

त्या काळी नट कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक दृश्यात दिसणार नाहीत अशा बेताने झाडाआड, खांबाआड किंवा पडद्याआड बसत. आजच्यासारखे प्रत्येक वाद्याला वेगळे मायक्रोफोन नव्हते. मग तोल कसा साधायचा? अंतराने. गायकापासून मायक्रोफोन एक मीटरवर आणि तबला तीन मीटरवर असला, तर तबल्याची तीव्रता नवव्या हिश्श्यावर येते. वर्गात आपण शिकवतो तो व्यस्त वर्गाचा नियम वादकांना मागेपुढे सरकवून रोज वापरला जात होता.

नटाने गाताना मान वळवली की स्वर विझे. म्हणून जुन्या बोलपटांत गाणारी माणसे एका जागी खिळल्यासारखी दिसतात. आपण त्याला संथपणा म्हणतो, पण तो बराचसा मायक्रोफोनचा धाक होता. हा धाक सर्वांनाच होता. हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या ब्रिटिश बोलपटात नायिकेचे इंग्रजी उच्चार परदेशी वळणाचे होते. तिने नुसते ओठ हलवायचे आणि कॅमेऱ्याबाहेर उभ्या असलेल्या जोन बॅरी या नटीने त्याच क्षणी संवाद म्हणायचे, अशी युक्ती तेथे करावी लागली.

बालगंधर्व आणि अकरा मिनिटे

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटासाठी तिने साक्षात बालगंधर्वांना आणले. भूमिका संत एकनाथांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे. ज्यांच्या पदांसाठी रसिक रात्री जागवत, असा हा गायक. परंतु फितीचे मोठे रीळ १००० फुटांचे. मिनिटाला ९० फूट या हिशेबाने ते ११ मिनिटांत संपते. समोर प्रेक्षक नाहीत, ‘वन्स मोअर’ नाही, सूर रंगात येण्याआधीच गाणे आवरायचे. बालगंधर्वांचे मन तेथे रमले नाही व ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

यात कोणाची हार-जीत पाहण्याचे कारण नाही. गाण्याचा एक प्रकार प्रेक्षकांच्या श्वासाबरोबर वाढत होता, दुसऱ्याला मापात बसायचे होते. तीन-चार मिनिटांत भाव उभा करणे ही नवी कला होती. ‘संत तुकारामा’चे संगीत देणारे केशवराव भोळे यांना ती साधली. तो चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. म्हणजे यंत्रांशी झटणाऱ्या दामल्यांच्या हातून भारतातील एक सर्वोत्कृष्ट भक्तिपट घडला. टेंबे, कृष्णराव आणि भोळे या तिघांच्या हाताखाली शिकत होते सोनवड्याचे वसंत देसाई.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ (हिंदीत ‘धूप छाँव’) या चित्रपटात गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर चित्रण केले. पार्श्वगायन रूढ झाले, वादक झाडाआडून बाहेर आले, नट मोकळेपणी हलू लागले. त्याबरोबर गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही फाळणीही आली. आवाजावर एवढी हुकमत आल्यावर तो कोठे वापरू नये हेही सुचू लागले. शांतारामांनी ‘कुंकू’ (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळले आणि घड्याळाच्या ठोक्यांसारख्या घरातल्या आवाजांवर प्रसंग उभे केले.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक लहान सौर घट घ्या. त्याच्या दोन तारा शाळेच्या ध्वनिवर्धकाच्या जोडणीत द्या आणि आवाज आधी अगदी कमी ठेवा. घटावर काळा पुठ्ठा लावून त्याला एक मिलिमीटरहून अरुंद उभी फट पाडा. साध्या बॅटरीचा झोत फटीवर धरा आणि फटीला लागून एक कंगवा झर्रकन ओढा. ‘झूं’ असा आवाज येईल. ३० दात एक पंचमांश सेकंदात गेले तर कंपने १५०. कंगवा जलद ओढला की स्वर चढतो. हीच ती मोटरची गरज. आता फट रुंद करा. आवाज मावळेल, कारण एका वेळी अनेक दातांमधला प्रकाश आत येऊन चढउतार बुजतात. फट बारीक का हवी, याचे उत्तर मुलांना आपोआप मिळेल. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट जवळ असेल तर घट तिच्यासमोर धरा. १०० कंपनांची गुणगुण ऐकू येईल.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ध्वनी एका प्रकरणात, प्रकाश दुसऱ्या आणि वीज तिसऱ्या प्रकरणात असते. संगीताचा तास तर वेगळ्याच दिवशी. दामल्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत या सर्वांना एकत्र यावे लागले, तेव्हा कोठे एक गाणे घडले.

उत्तरायुष्यात वसंतरावांनी शाळकरी मुलांच्या प्रचंड समूहगानाचे प्रयोग केले. मैदानावर शंभर मीटरवरच्या मुलाचा सूर पोहोचायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. कानांवर विसंबले तर ताल फाटतो, म्हणून अशा वेळी डोळे हाताच्या इशाऱ्यावर ठेवावे लागतात. आपल्या मैदानावर दोन टोकांना मुले उभी करून हे पडताळता येईल. २२ डिसेंबर १९७५ रोजी वसंतरावांचे निधन झाले.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्यातली गाणी कशी वाटत असतील, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र वाचला आहे. तो आज पाहता-ऐकता येणाऱ्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांपैकी एक आहे. जे नोंदले व जपले गेले तेवढेच उरते. आपल्या गावच्या जत्रेत पायपेटीवर बसणारे वृद्ध हात अजून आहेत, ओव्या गाणाऱ्या आज्या आहेत. दामल्यांना ज्यासाठी खोलीभर यंत्रे लागली, ते काम आता खिशातल्या फोनवर होते. या वर्षी मुलांना एवढे करायला सांगू या: एक आवाज मुद्रित करायचा आणि त्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचेही नाव लिहून ठेवायचे.