हिमगौरीच्या सिनेमावर शिक्का का बसला?

सुट्टी लागली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. मुलांना एकत्र बसवून सिनेमा दाखवायचा आहे. सिनेमा कार्टूनचा आहे, त्यात गाणी आहेत, घरच्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे असे म्हणतात. मग अंगणवाडीतल्या पोरांनाही बसवायचे का? एक ताई म्हणते, कार्टूनच तर आहे, त्यात काय एवढे! दुसरी म्हणते, मागच्या वेळी माझा नातू रात्रभर दचकत होता. हा वाद ऐंशीहून जास्त वर्षांचा जुना आहे. त्यात सरकारे पडली, प्राध्यापक पडले, नगरपालिकाही पडल्या. आज त्याचाच इतिहास सांगते.

सुरुवातीला कार्टून म्हणजे चार घटका गंमत होती. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा चित्रपट केला. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. पडद्यावर काड्या आपणहून हलताना दिसायच्या. परदेशातही मुख्य सिनेमाच्या आधी पाच-सात मिनिटांचे कार्टून दाखवत. लोक हसायचे आणि विसरून जायचे. कार्टून म्हणजे पोरांचे, हा समज तेव्हापासूनचा.

मग २१ डिसेंबर १९३७ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ पहिल्यांदा दाखवला गेला. आपल्याकडे ही गोष्ट हिमगौरी आणि सात बुटके म्हणून माहीत आहे. सिनेमा ८३ मिनिटांचा, रंगीत, गाण्यांनी भरलेला. बुटके कामावरून गात घरी येतात, हिमगौरी पाखरांबरोबर गाते. पण त्याच सिनेमात हिमगौरी जंगलात पळते तेव्हा झाडांच्या फांद्या हातांसारख्या अंगावर येतात आणि अंधारात डोळे चमकतात. देखणी राणी औषध पिते आणि बघता बघता तिची चेटकीण होते.

१९३८ साली हा सिनेमा ब्रिटनमध्ये गेला. तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने त्यावर ‘ए’ शिक्का मारला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे या शिक्क्याचा अर्थ असा, की सोळा वर्षांखालच्या मुलाने पालकाला किंवा जबाबदार मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच यावे. मुलांना वाईट स्वप्ने पडतील अशी मंडळाला काळजी होती. काही ठिकाणच्या स्थानिक कारभाऱ्यांना हे पटले नाही. त्यांनी आपल्या हद्दीत मुलांना एकटे येऊ दिले. म्हणजे एका गावात मूल एकटे जाऊ शकत होते आणि दुसऱ्या गावात तोच सिनेमा बघायला आई सोबत लागत होती! आज ब्रिटनमध्ये त्याच सिनेमाला सर्वांसाठीचा ‘यू’ शिक्का आहे. चेटकीण तीच आहे, झाडेही तीच आहेत. मोठ्यांचे मत तेवढे बदलले.

मोठ्यांची मते अशी बदलतात, पण मुलाला नेमके काय होते? अमेरिकेत हे मोजून बघण्याचा प्रयत्न हिमगौरीच्याही आधी झाला होता. पेन फंड नावाच्या संस्थेच्या पैशातून १९२९ पासून काही वर्षे अभ्यास चालला आणि त्याची पुस्तके १९३३ पासून निघू लागली. त्यातल्या एका अभ्यासात ओहायो राज्यातल्या मुलांच्या खाटांना यंत्रे जोडली होती. मूल रात्री किती वेळा हलते, कूस बदलते, याची नोंद त्यात होई. सिनेमा पाहून आलेल्या रात्री बऱ्याच मुलांची झोप चाळवलेली दिसली. पण सगळ्यांची सारखी नाही. एका सिनेमाने एक मूल तळमळले आणि दुसरे गाढ झोपले. आपल्या घरातली दोन भावंडे आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.

पुढे १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीव्हीवरच्या ‘हल्क’ या मालिकेचा अभ्यास केला. तिच्यात एक साधा माणूस संतापला की मोठा हिरवा राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो. मोठी मुले या राक्षसाला फारशी भीत नव्हती, कारण तो भल्याच्या बाजूचा आहे हे त्यांना कळत होते. शाळेत न जाणारी लहान मुले मात्र माणसाचा राक्षस होताना बघून सर्वांत जास्त घाबरत. लहान मूल आधी रूप बघते, हेतू त्याला नंतर कळतो. ओळखीचा चेहरा डोळ्यांदेखत बदलला की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आता राणीची चेटकीण होते तो प्रसंग आठवा. ब्रिटनच्या मंडळाची काळजी अगदीच पोकळ नव्हती.

आता गाण्यांचे बघू. गाणी आहेत म्हणजे सिनेमा हलकाफुलका, असे आपण धरून चालतो. १९४१ च्या ‘डम्बो’मध्ये हत्तिणीला साखळदंडाने कोंडतात आणि ती गजांतून सोंड बाहेर काढून पिल्लाला जोजवते. गाणे अंगाईचेच आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला दिसते ते एवढेच, की आईला बांधून ठेवले आहे. १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये बाप मरतो आणि छावा त्याच्या पंजाखाली शिरून झोपतो. थोड्याच वेळात मजेचे नाचगाणे सुरू होते. मोठी माणसे हसू लागतात. चार वर्षांचे मूल मात्र अजून मागेच असते आणि विचारते, “बाबा उठले का?” १९९६ च्या ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मध्ये एक न्यायाधीश आगीसमोर उभा राहून एका तरुणीबद्दलच्या वासनेचे गाणे म्हणतो. तरी अमेरिकेत त्याला सर्वांसाठीचा ‘जी’ शिक्का मिळाला. शिक्का कधी फार कडक असतो, कधी फार सैल.

आपल्या देशातही शिक्के बदलत आले. १९५२ च्या कायद्याने ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठी असे दोनच मुख्य प्रकार होते. १९८३ मध्ये ‘यूए’ आला. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा, असा त्याचा अर्थ. २०१६ साली ‘द जंगल बुक’ या सिनेमाला आपल्या मंडळाने ‘यूए’ दिले. थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर आल्यासारखे वाटतात, मुले घाबरतील, असे मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितले. पुष्कळ लोक हसले. आमच्या पिढीने लहानपणी दूरदर्शनवर मोगली बघितला आहे. हिंदीतल्या शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो आवाज आला की पलंगाखाली जाणारी मुले आणि टीव्हीजवळ सरकणारी मुले एकाच घरात असायची.

२०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ‘यूए ७+’ असेल तर सात वर्षांखालच्या मुलाला बंदी नसते. त्याचे काय करायचे ते पालकांनी ठरवावे, असे त्यात म्हटलेले असते. २०२४ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. प्रमाणन मंडळात निदान एक तृतीयांश आणि शक्यतो निम्म्या महिला असाव्यात, असे ठरले. मैत्रिणींनो, मुंबईच्या मंडळात बायका बसणार असतील, तर आपल्या गावातल्या निर्णयातही आपण असायला हवे.

मग ठरवायचे कसे? गटातल्या दोघीतिघींनी सिनेमा आधी पूर्ण बघावा. आई किंवा बाप मरतो का, हरवतो का, कोणी त्याला ओढून नेते का, हे बघावे. कोणाचे रूप बदलून भयंकर होते का, तेही बघावे. एकदा चित्राकडे पाठ करून नुसता आवाज ऐकावा. दुष्टाच्या गाण्यात ढोल आणि गडगडाट किती आहे ते तेव्हाच कळते. मग आपल्या पोरांची नावे डोळ्यांसमोर आणावीत. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, त्या घरचे मूल पडद्यावरचा मृत्यू वेगळ्या डोळ्यांनी बघते. त्याच्या आईला आधी सांगावे आणि तिलाच ठरवू द्यावे.

दाखवताना खोलीत एक दिवा चालू ठेवा. लहानांना पुढे एकटे न बसवता मोठ्यांजवळ बसवा. मध्ये थांबून पाणी पाजा, खाऊ द्या. मूल घाबरले तर “अगं, खोटं आहे ते” एवढे पुरत नाही, हेही अभ्यासात दिसले आहे. खरे-खोटे हे शब्द पाच वर्षांच्या आतल्या मुलाची भीती फारशी घालवत नाहीत. जवळ घेणे, पाठीवर हात, हातात आवडते खेळणे, घोटभर पाणी यांनी ते लवकर शांत होते. उठून जायचे म्हणाले तर जाऊ द्या, भित्रा म्हणून हसू नका. आणि मोबाइलची काळजी यापेक्षा जास्त घ्या, कारण मोबाइलवर मूल बघते तेव्हा जवळ बहुतेक वेळा कोणाची मांडी नसते.

१९३८ च्या त्या ब्रिटिश नियमाला लोक हसतात. पण मोठ्या माणसाने मुलाबरोबर यावे, एवढी एक गोष्ट त्यात होती आणि ती आजही कामाची आहे. येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटे या विषयाला द्या. सुट्टीत कोणता सिनेमा दाखवायचा, आधी तो कोण बघणार आणि दाखवताना लहानांजवळ कोण बसणार, ही नावे इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा.