रायगडच्या किनाऱ्यावरील बायबलवाचन

रायगडच्या किनाऱ्यावर बायबल आधी कानावर पडले. ते लोकांच्या हातात यायला आणखी तीनशे वर्षे लागली. 1521 पासून चौल-रेवदंड्यात पोर्तुगीजांचे ठाणे होते, आणि 1594 मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी निजामशाहीकडून घेतला. कोटाच्या आत चर्च आणि मठ उभे राहिले. उपासना लॅटिनमध्ये चाले. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याचे कॅथलिक कोर्लईतच राहिले. जपमाळ, पाठ केलेल्या प्रार्थना आणि पोर्तुगीजपासून घडलेली ‘नोलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, एवढ्या शिदोरीवर त्यांनी धर्म टिकवला. 1960 च्या दशकातील व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली. तेव्हापासून कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी वाचने ऐकू येतात. रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्राने फिरतात.

स्वतः अक्षर लावून बायबल वाचण्याची परंपरा मात्र याच किनाऱ्यावर दुसऱ्याच घरांत रुजली, आणि ती घरे ख्रिस्ती नव्हती. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण या भागात बेने इस्राएल हे ज्यू लोक तेल गाळून पोट भरत. शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबे, बैलाचे जू उतरे, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत लाट फिरत नसे. म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले; सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवार तेली. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द त्यांनी पिढ्यान्पिढ्या जपले होते. ज्या ग्रंथात हे सगळे सांगितले आहे, तो ग्रंथ मात्र त्यांच्याजवळ नव्हता. पुस्तकावाचून पुस्तकाची आज्ञा पाळणाऱ्या या माणसांची निष्ठा इतिहासाने ठळकपणे नोंदवावी अशी आहे.

1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. मिशनने मुंबईत आणि कोकणपट्टीत मराठी शाळा काढल्या. चौल-रेवदंड्याकडच्या शाळांत बेने इस्राएल मुले बसू लागली, काही ठिकाणी शिकवायलाही त्यांच्यातलेच पंतोजी होते. 1826 मध्ये मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी नाशिक भागात दौऱ्यावर असताना हॉल पटकीने वारले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनीही याच काळात किनाऱ्यावर उपासना आणि हिब्रू शिकवली.

मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, तो त्यांनी लपवला नाही. बेने इस्राएलांनी ग्रंथ घेतला, बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. तरीही शाळांचे हे देणे लहान ठरत नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1846 मध्येच मुंबईत हिब्रू-मराठी अशी निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. 1880 च्या सुमारास बायबलमधील कथांवर कीर्तने सुरू झाली. अब्राहाम आणि मोशे साकी-दिंडीच्या चालीवर गाभाऱ्यापुढच्या हरिकथेसारखे उभे राहिले.

बायबलच्या रोजच्या वाचनात न्याय आणि दया हे दोन शब्द वारंवार येतात. मीखा संदेष्ट्याने तर देवाच्या अपेक्षा तीनच सांगितल्या: न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे, देवाबरोबर नम्रपणे चालणे. मीखाचा ग्रंथ ज्यू आणि ख्रिस्ती दोघांचा आहे. हिब्रूतला करुणेचा शब्द ‘रहमीम’ गर्भाशयाच्या ‘रेहेम’ या शब्दाशी नाते सांगतो. मराठीतही जिवाच्या माणसासाठी आतडेच तुटते, त्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला परका वाटत नाही. ‘रहमीम’ हाच शब्द मुंबईच्या पहिल्या सिनेगॉगच्या नावात आहे. कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडले आणि जीव वाचला तर प्रार्थनास्थळ बांधीन असा त्यांनी नवस केला, असे परंपरा सांगते. 1796 मध्ये त्यांनी मांडवीत बांधलेल्या सिनेगॉगला ‘शआर हारहमीम’, दयेचे द्वार, असे नाव मिळाले. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत. शेजारच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरून पडल्याचे सांगतात.

न्यायाची बाजू अधिक कठीण गेली. समाजातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र संबंधांतून जन्मलेले म्हणून काळ्यांशी बेटीव्यवहार होत नसे. पुढे इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांवर तीच वेळ आली. त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेऊन तिथल्या धर्मपीठाने विवाहात अडथळे आणले. लोकांनी निदर्शने केली, आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान मानले जावे असा ठराव केला.

बहुतेक कुटुंबे गेल्यावर अलिबागच्या इस्राएल आळीत आणि रेवदंड्यात मोजकीच घरे उरली. सिनेगॉगमध्ये तोरा या ज्यू धर्मग्रंथाचे 54 भाग वर्षभरात वाचून होतात. पण परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमले तरच गुंडाळी पेटीतून बाहेर काढून सभेत वाचतात. दहा जण जमले नाहीत, तर त्या शनिवारी पेटीचा पडदा तसाच राहतो आणि आलेली माणसे प्रार्थना म्हणून घरी जातात.